तीन अक्षरांचा खेळ

बेरिलच्या गाडीत बसायचं म्हणजे अक्षरं वाचायची, हे नेरिडाच्या कपाळी लिहिलेलंच होतं. दर गुरुवारी दोघी म्हाताऱ्या हॉर्शम गावातल्या शब्दखेळाच्या क्लबात जायच्या. गाडी बेरिलची, नेरिडा जन्मात कधी गाडी शिकली नाही. पुढे वाहन दिसलं की त्याच्या नंबर प्लेटवरची तीन अक्षरं नेरिडाने मोठ्याने वाचायची आणि ज्यात ती अक्षरं त्याच क्रमाने येतात असा इंग्रजी शब्द बेरिलने काढायचा. पी, टी, ओ म्हटलं की ‘पोटॅटो’ तयार. बाईचं डोकंच तसं.

पण एकीने नुसतं वाचायचं आणि दुसरीने मिरवायचं, हा कुठला न्याय?

“आज तू वाच, शब्द मी काढते,” नेरिडा म्हणाली.

“तुझ्याच्याने व्हायचं नाही. वाच तू.”

“का? सगळी अक्कल तुझ्याच घरी पाणी भरते का?”

एरवी अशा टोमण्याला बेरिल खो खो हसली असती. आज हसली नाही. मग नेरिडानेही तोंडाला कुलूप घातलं. दोन्ही बाजूंनी कापणी झालेली गव्हाची शेतं मागे जात राहिली.

“गप्प का गं? पुढे काही आहे का?”

“तुला डोळे आहेत ना? बघ की.”

पुढे धान्याचा ट्रक रमतगमत चालला होता. एम, जी, एन. मॅग्नेट! नेरिडाला शब्द चुटकीसरशी सापडला आणि ती मनातल्या मनात फुलली. आता बेरिलने अक्षरं वाचायचाच अवकाश. पण बेरिल वाचेना, वेगही कमी करेना. ट्रकची मागची फळी मोठी होत गेली, तिच्यावरची धूळसुद्धा दिसू लागली.

“बेरिल, ट्रक!”

ब्रेक किंचाळले. गाडी कडेच्या मातीत घसरत जाऊन तारेच्या कुंपणाशी थांबली. ट्रकवाल्याला पत्ताही नव्हता. तो आपला निघून गेला.

नेरिडा तिच्याकडे वळली. “दिसला नाही तुला?”

“कडा दिसतात,” स्टिअरिंग न सोडता बेरिल म्हणाली. “मधोमध सगळं धुरकट. डॉक्टर म्हणाला, वाढत जाणार.”

“आणि तो खेळ?”

“तू वाचलंस की कळायचं, पुढे कोणीतरी आहे.”

वर्षभर आपण खेळतोय असं नेरिडाला वाटत होतं, आणि ही बाई तिच्याच डोळ्यांनी गाडी हाकत होती.

“माझ्या जिवाशी खेळलीस तू.”

“लायसन्स गेलं तर शेतावरच्या घरात एकटी भिंतींशी बोलू का? गुरुवार सोडला तर माझ्याकडे आहे काय?”

नेरिडाला तिची दया आली, पण रागच जास्त आला. तिने हात लांबवून किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली. बेरिलने अडवलं नाही. पर्सची चेन लावता लावता नेरिडाचा हात थांबला.

“गेल्या गुरुवारी परत येताना मी झोपले होते गं.”

“हो,” बेरिल म्हणाली. “दोनदा हाक मारली. तू उठलीच नाहीस.”