डेटाबेसला घर दाखवणारी फाइल

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. पण दोरीनं बांधून माळ्यावर टाकलेली नव्हे. मला पुठ्ठा नाही आणि धूळ माझ्या वाटेला जात नाही. लिनक्सवर चालणाऱ्या एका यंत्रात, डेटाबेस सर्व्हरच्या दारातच माझं बिऱ्हाड आहे. हा सर्व्हर म्हणजे माहितीच्या कोठारावरचा राखणदार. यंत्र सुरू झालं की तो डोळे चोळत माझ्याकडे येतो आणि विचारतो, "बाई, आज कुठलं कोठार उघडू?" मी सांगेन ती पूर्व दिशा. एकदा मला जांभई आली, तर बिचारा अर्धा दिवस दारातच ताटकळला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

ज्यांनी सर्व्हर घडवला त्यांनीच मला लिहिलं. तयार सदरा कसा कुणाच्याही अंगाला बरा बसतो, तशी मी. माझी जुळी भावंडं तर आकाशातल्या चांदण्यांपेक्षा चार जास्तच असतील. पण आमचं एक न्यारंच आहे. सर्व्हरची नवी आवृत्ती आली की आम्ही कात टाकतो आणि पुन्हा कोऱ्या करकरीत होतो. म्हणून रीत अशी, की कुणाला काही वेगळं हवं असेल तर त्यानं माझ्या अंगावर लिहू नये, शेजारी वेगळी चिठ्ठी, म्हणजे एक छोटी फाइल, ठेवावी. सर्व्हर आधी मला वाचतो, मग चिठ्ठी, आणि चिठ्ठीचा शब्द शेवटचा. चिठ्ठी कात टाकत नाही.

माझं यंत्र एका रक्तपेढीचं. ते सांभाळणाऱ्याला सगळे भावजी म्हणतात, कारण पेढीच्या प्रमुख बाई त्याच्या सख्ख्या वहिनी. कोठार अपुरं पडू लागलं तेव्हा भावजींनी नवी मोठी डिस्क जोडून सगळी माहिती तिकडे हलवली. जुन्या जागी रिकामं कोठार तसंच राहिलं. आणि नवा पत्ता? चिठ्ठीचा कंटाळा करून तो त्यांनी थेट माझ्या अंगावर लिहिला. मला गुदगुल्या झाल्या. बरेच महिने सुरळीत गेले.

मग एका सकाळी भावजींनी नवी आवृत्ती चढवली. मी कात टाकली, पत्ता पुसला गेला. सर्व्हरनं विचारलं आणि मी इमानेइतबारे जुन्या, रिकाम्या कोठाराकडे बोट दाखवलं.

नेमका तेव्हाच शस्त्रक्रियागृहातून निरोप आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा रक्तगट दुर्मीळ, पेढीत शिल्लक नाही. दाता बोलवायला हवा. वहिनींनी दात्यांची यादी उघडली. पडदा कोरा.

"भावजी, यादी गायब आहे."

"सगळी?"

"नाही, तुमच्यापुरती ठेवलीय. अहो, सगळी!"

भावजींच्या तोंडचं पाणी पळालं. "जुनी प्रत आहे माझ्याकडे. ती चढवतो. पण दुपार होईल."

"दुपारपर्यंत ती बाई तग धरणार का?" वहिनी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "हातपाय नंतर गाळा. आज कशाला हात लावलात ते सांगा."

"कशालाच नाही. फक्त नवी आवृत्ती..." भावजी बोलता बोलता थबकले आणि त्यांनी मला उघडलं. मी शाळेतल्या हुशार मुलीसारखी ताठ उभी राहिले. त्यांनी पत्त्याची ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, माहिती आहे तिथेच आहे. सर्व्हर चुकून रिकाम्या कोठारात जाऊन बसलाय. मी पत्ता या फाइलवरच लिहिला होता, तो पुसला गेला."

"मग पुराण कसलं सांगताय? आधी त्याला तिथून उठवा."

भावजींनी चिठ्ठी लिहिली, माझ्या शेजारी ठेवली आणि सर्व्हर नव्यानं सुरू केला. त्यानं मला वाचलं, चिठ्ठी वाचली आणि मोठ्या डिस्कचं दार उघडलं. पडद्यावर नावं झरझर उतरली. वहिनींनी पहिलाच फोन लावला तो एका बसचालकाला. तो जवळच्याच थांब्यावर होता. प्रवाशांची माफी मागून धावत आला. बाळंतीण वाचली.

मित्रांनो, यंत्रातलं काही हरवलं असं वाटलं, तर घाबरण्याआधी मला उघडून वाचा. मला बदलायचं तर खुशाल बदला, मी रुसणारी नव्हे. फक्त माझ्या अंगावर लिहू नका, शेजारी लिहा. मी उद्या पुन्हा कोरी होणारच. तुमचं लिहिलेलं मात्र टिकायला हवं. त्याच्या भरवशावर कुणीतरी श्वास घेत असतं.