दाराबाहेरची काठी

नंदिनी हॉलच्या भिंतीवरचे डाग पुसत होती आणि मनातल्या मनात रंगाऱ्याचा उद्धार करत होती. महिन्याभरात भिंत कळकट! डाग सगळे छातीच्या उंचीला, एकापुढे एक, थेट अण्णांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत. फडक्याला गुडघ्यांना चोळायच्या तेलाचा वास आला, तशी ती थबकली.

अण्णा, तिचे सासरे, भिंत धरून चालत होते. मग त्यांची काठी कुठं गेली?

काठी दाराबाहेर, चपलांशेजारी होती. चंदगडच्या भरीव बांबूची, खाली लोखंडी टोपी, मुठीला घुंगरू. या नव्या घरात फ्लोअरिंग लाकडाचं की बांबूचं, यावर किती खल झाला होता! लाकडाला झाड वाढायला जन्म जातो, बांबू पाच वर्षांत तयार, हे नंदिनीचं म्हणणं. नमुन्याचा तुकडा तिनं बादलीत बुडवून ठेवला, किल्लीनं घासून बघितला. तरी तिच्या नवऱ्याचं, दत्तप्रसादचं, "टिकंल का पण?" काही थांबेना. शेवटी अण्णांनीच काठी आपटली होती.

"माझ्या लग्नाच्या आदीची हाय ही. काय झालंय का बांबूला?"

विषय संपला, बांबूच बसला. आणि वास्तुशांतीच्याच दिवशी काठीच्या टोपीनं नव्या जमिनीवर ओरखडा उठला.

"अहो अण्णा, काय हे! जरा बघून टेका की!" एवढंच बोलली होती ती. बोलली मात्र चार पाहुण्यांसमोर. ओरखड्यावर गालिचा आला. त्यानंतर घरात घुंगरू वाजलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्या शांततेचं बरंच वाटलं होतं. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

ती काठी घेऊन अण्णांच्या खोलीत गेली.

"पडला असता म्हणजे? घ्या ही."

"ऱ्हाऊ दे गं. भिंत हाय की."

"अण्णा, चुकलं माझं."

"तुजं काय चुकलं? जमीन पंचवीस वर्षं टिकती म्हणालतीस, टिकू दे की. मी काय तेवढा टिकतोय व्हय?" अण्णा हसले, पण काठीला हात लावला नाही.

नंदिनी हॉलमध्ये आली. तिनं गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. मग काठीवर सगळा भार देऊन, टोपी खरडत, ती बाथरूमपर्यंत चालत गेली. घुंगरू घरभर वाजलं.

"अगं, काय करालीस! जमीन खराब हुईल की!" अण्णा आतून ओरडले.

ती परत आली आणि काठी त्यांच्या हातात दिली.

"झाली खराब. आता चाला."