कोऱ्या चौकटीतली सूचना

मित्रांनो, मी एक जुनं संकेतस्थळ आहे. मालवणच्या तुकाराम तांडेल यांच्या होडीची माहिती पर्यटकांना देणं, हे माझं काम.

२००८ साली त्यांच्या मुलीनं, उर्वशीनं, एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून मला घडवलं. माझं रूप थीमकडून, म्हणजे रंगरूपाच्या तयार साच्याकडून आलं. पार्श्वभूमी गडद निळी होती. वर सूचनांची चौकट हवी म्हणून तिनं एक प्लगइन, म्हणजे वरून बसवायचा छोटा प्रोग्रॅम, जोडलं. निळ्यावर उठून दिसावं म्हणून त्या प्लगइननं सूचनेच्या ओळीतच लिहून ठेवलं होतं, 'अक्षरं पांढरी'. लोक कौतुक करत आणि मला गर्व वाटे.

२००९च्या डिसेंबरात उर्वशीनं मला नवी, पांढरीशुभ्र थीम दिली. थीमनं सांगितलं, अक्षरं काळी. सगळा मजकूर काळा झाला, पण सूचनेची ओळ बधली नाही, ती पांढऱ्यावर पांढरीच राहिली. ओळीतच लिहिलेला रंग ब्राउझर आधी मानतो. तेव्हा चौकटीत सूचनाच नव्हती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मे २०१० मध्ये वारा फिरला. तुकाराम म्हणाले, "उर्वशी, होडी बंद म्हणान लिव गो. लोक लांबसून येतत."

तिनं लिहिलं, पण परीक्षेच्या गडबडीत पान उघडून बघितलं नाही.

पुढे किनाऱ्यावर जे घडलं ते उर्वशीनं नंतर माझ्याच एका पानावर लिहिलं, म्हणून मला ठाऊक आहे.

दोन दिवसांनी मिरजेहून राधाबाई आणि त्यांचा मुलगा निलेश आले. सत्तरीच्या राधाबाई जन्मात होडीत बसल्या नव्हत्या. होडी वाळूवर ओढलेली बघून निलेश भडकला.

"बंद आहे हे आधी सांगायला नको?"

"माझ्या चेडवान लिवल्यान हा," तुकाराम लेकीच्या भरवशावर म्हणाले.

निलेशनं माझं कालच छापलेलं पान पुढे केलं. चौकट कोरी होती. "कुठे लिहिलंय? खोटं बोलता तुम्ही!"

आजूबाजूचे सगळे बघत होते. तुकारामांनी मान खाली घातली. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस माझ्यामुळे चारचौघांत खोटा ठरला. त्याची लाज मला अजून वाटते.

हे कळताच उर्वशी धावत कॅफेत आली. कोऱ्या चौकटीवरून तिनं माउस ओढला, तशी निळ्या पट्ट्यात अक्षरं वर आली, 'वाऱ्यामुळे होडी बंद.' तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं प्लगइनच्या ओळीतला रंग काढून टाकला, रंगाचं काम थीमवर सोपवलं, पान पुन्हा उघडून वाचलं आणि स्टँडवर पळाली.

मिरजेची गाडी लागलेली होती; राधाबाई आणि निलेश आत बसले होते.

"चूक माझी आहे. बाबा खरं बोलत होते," ती धापा टाकत म्हणाली.

राधाबाई मुलाला म्हणाल्या, "उतर खाली. आधी त्यांच्याकडे जायचं."

किनाऱ्यावर निलेशनं सगळ्यांदेखत हात जोडले. "काका, चुकलो मी."

तुकारामांनी राधाबाईंचा हात धरून त्यांना वाळूवरच्या होडीत बसवलं. "दर्यात नेवक जमाचा नाय, आये. पण बस तरी."

मला कुणी बोल लावला नाही, म्हणून लाज कमी झाली नाही. मित्रांनो, आमचं रूप बदलाल तेव्हा आतल्या जुन्या ओळीही तपासा. आणि काही लिहिलंत, तर परक्याच्या नजरेनं एकदा पान उघडून वाचा. आमचं कोरेपण आम्हाला दिसत नाही.