गाडी सिस्टरच्या नावावर

सिस्टरने पासपोर्ट कस्टम कार्यालयाच्या खिडकीच्या फटीतून तिसऱ्यांदा आत सरकवला आणि या वेळी त्याच्यावर बोट दाबूनच धरलं. नाहीतर कारकून तो न उघडताच परत ढकलत होता.

"बाई, काल विमानतळावर तुम्हाला जे सांगितलं, तेच मीही सांगणार," कारकून म्हणाला. "गाडी तुमच्या पासपोर्टवर या देशात आली. ती बाहेर गेल्याशिवाय तुम्हाला बाहेर जाता येणार नाही."

"गाडी माझी नाही हो. भावाची आहे."

"मग त्यांच्या पासपोर्टवर का नाही नोंदवली?"

"कारण ऐन नोंदवायच्या वेळी त्याचं पोट बिघडलं होतं!"

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. सिस्टरने मान वळवून पाहिलं. तेहतीस वर्षं हॉस्पिटलचा वॉर्ड सांभाळलेल्या बाईची नजर ती. हसणारा एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

"भावाला आणा," कारकून जरा मऊ आवाजात म्हणाला. "त्यांचा अर्ज लागेल, दोघांच्या पासपोर्टच्या दोन-दोन झेरॉक्स लागतील. गाडी त्यांच्या नावावर करून देऊ. पण साहेब चारला उठतात."

अडीच वाजले होते. बदलून घेतलेलं विमान सातला होतं.

भाऊ कार्यालयाच्या आवारात सापडला. वय वर्षं त्रेसष्ट, तरी घरात छोटूच. त्याने फाटकाची एक बाजू उतरवून भिंतीला टेकवली होती आणि कोपरापर्यंत ग्रीस माखून घेतलं होतं. पहारेकरी टोपीत स्क्रू धरून शेजारी उकिडवा बसला होता.

"ताई, बघ ना! सहा वर्षं एकाच बिजागरीवर लटकतंय बिचारं. कुणाला काही वाटत नाही. मी म्हटलं यांना—"

"हात धू आणि आत चल."

"दोन मिनिटं."

छोटूची दोन मिनिटं सिस्टरला आता चांगलीच माहीत झाली होती. मागच्या देशात एका पंपाच्या दोन मिनिटांपायी ते अडीच दिवस एका गावात अडकले होते.

ही गाडी म्हणजे भंगारात निघालेली एक छोटी बस. बसची बॉडी बांधण्यातच त्याची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर चार वर्षं खपून त्याने तिच्यात ओटा बसवला, पाण्याची टाकी, संडास, दोन बाक बसवले. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. आईचं सगळं करता करता दोघांची उमर निघून गेली, आणि गेल्या वर्षी आईही गेली. "चल ताई, जग बघून येऊ," तो म्हणाला. "महिनाभर येते," ती म्हणाली. त्याला आता चौऱ्याहत्तर दिवस झाले होते. हा पाचवा देश.

जग राहिलं बाजूला, सिस्टरने पाहिलं ते छोटूचं तोंड, आणि ते एक क्षण बंद नव्हतं. दात घासतानाही फेसातून बोलायचा. तिच्या झोपायच्या बाकाचंच सकाळी जेवणाचं टेबल व्हायचं, त्यामुळे ती उठेपर्यंत तो उशाशी चहाचे कप घेऊन उभा, आणि वर म्हणायचा, "झोप ना, झोप, मला घाई नाही." परवा एक टेकडी दाखवायला त्याने कचकन ब्रेक मारला आणि पातेलंभर दूध तिच्या कपड्यांच्या कप्प्यात गेलं. दूध निमित्त झालं. तिने त्याच दुपारी तिकीट काढलं.

झेरॉक्सच्या दुकानात यंत्रात कागद अडकला. छोटूचा हात आपोआप पुढे गेला.

"हात लावायचा नाही," सिस्टर म्हणाली.

"मी फक्त बघत होतो."

"बघायचंही नाही."

सव्वातीनला ते कार्यालयात परतले आणि बाकावर बसून छोटू अर्ज भरायला लागला. नाव, पत्ता, इंजिनचा नंबर सगळं भराभर झालं. शेवटच्या रकान्यापाशी तो थांबला. 'गाडी मालकाच्या पासपोर्टवर का नोंदवली गेली नाही, ते मालकाने स्वतःच्या अक्षरात लिहावे.'

"लिही की," सिस्टर म्हणाली. "पोट बिघडलं होतं. तीन शब्द."

"हो."

तो लिहीत राहिला. खूप वेळ, आणि न बोलता. तिने दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी वैतागून कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. शुद्धलेखनाच्या बाबतीत तो लहानपणापासून दिवे लावत आला होता.

'सीमेवर माझे पोट बिघडलेले नव्हते. मी एका ट्रकच्या मागे उभा होतो. गाडी माझ्या नावावर झाली असती तर बहीण कोणत्याही दिवशी उठून घरी गेली असती. आई गेल्यापासून मला बोलायला तेवढीच आहे. चूक माझी आहे. बहिणीला त्रास देऊ नये ही विनंती.'

सिस्टरने ते दोनदा वाचलं.

"ट्रकच्या मागे?" तिचा आवाज चढला. "मी तीन तास उन्हात रांगेत! चक्कर यायची तेवढी बाकी होती!"

"मी बघत होतो ना. चक्कर आली असती तर लगेच आलो असतो."

हातातली फाइल त्याच्या डोक्यात घालावी असं तिला मनापासून वाटलं.

"फाड हे. दुसरं लिही."

"दुसरा अर्ज मिळत नाही. वर छापलंय बघ."

पावणेचार झाले होते. तिने कागद खिडकीतून आत सरकवला आणि नजर खाली ठेवली. कारकुनाने वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग तो आतल्या खोलीत गेला. परत आला तेव्हा हातात शिक्का होता.

"साहेब म्हणाले, कारण पटलं." तिच्या पासपोर्टवर एक आणि छोटूच्या पासपोर्टवर एक, असे दोन ठोके पडले. "झालं. तुम्ही मोकळ्या."

छोटू बॅग आणायला आधीच बाहेर गेला होता. सिस्टर खिडकीपाशीच उभी राहिली.

"माझा व्हिसा किती दिवस उरलाय?"

कारकुनाने पान उलटलं. "एकोणीस."

"तेवढ्यात मी केव्हाही जाऊ शकते?"

"केव्हाही. कुठूनही. आता तुमच्यामागे गाडीबिडी काही नाही."

"नक्की?"

"अहो बाई, शिक्का मारलाय!"

बाहेर टॅक्सी उभी होती. छोटूने बॅग डिकीत ठेवली होती आणि हात पुसत तो बाजूला उभा होता. फाटक जागच्या जागी बसलेलं होतं.

"बॅग काढ," सिस्टर म्हणाली.

"का? कागद राहिला एखादा?"

"काही राहिलेलं नाही. गाडी तुझ्या नावावर आहे, मी पाहुणी. आज जाईन, नाहीतर आठ दिवसांनी जाईन. ते माझं मी ठरवेन. आणि पुन्हा असलं काही केलंस ना—"

छोटूने बॅग उचलून गाडीत नेली. टॅक्सीवाला पुटपुटत निघून गेला.

शहर मागे पडलं. छोटू एक शब्द बोलत नव्हता. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ओठ घट्ट मिटून, परीक्षेला बसल्यासारखा चालवत होता. दहा किलोमीटर झाले, वीस झाले. चौऱ्याहत्तर दिवस सिस्टर ज्या शांततेसाठी तळमळत होती ती आता गाडीभर पसरली होती. तिच्यात ओट्यातले चमचे तेवढे वाजत होते.

एका वळणाच्या पुढे रस्त्याकडेला एक जुनी मोटार बॉनेट उघडून उभी होती. तिचा मालक कमरेवर हात ठेवून इंजिनकडे बघत होता. छोटूचा पाय अ‍ॅक्सिलेटरवरून उचलला गेला. त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बहिणीकडे पाहिलं आणि पाय पुन्हा खाली दाबला.

सिस्टरला बाजूच्या आरशात तो माणूस लहान लहान होताना दिसत होता.

"शी!" ती म्हणाली. "घे मागे."

"काय?"

"गाडी मागे घे म्हटलं ना. अर्धा तास. त्याच्यावर एक मिनिट नाही."

छोटूने रिव्हर्स टाकला. "ताई, मला वाटतं त्याचा फॅनबेल्टच गेलाय. बॉनेट असं उघडून माणूस उभा राहतो ना, तेव्हा दहात नऊ वेळा—"

"मागे बघ आधी," सिस्टर म्हणाली, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला रस्ता दाखवायला लागली.