दोन वर्गांमधली लाकडी भिंत

मी एक जुनी, घडीची लाकडी भिंत आहे. ओढली की पसरते, ढकलली की दुमडते. मित्रांनो, शहराच्या भर वस्तीतल्या, एका धर्मसंस्थेच्या खाजगी शाळेत माझं सारं आयुष्य गेलं.

शाळेत मुलं फार आणि जागा कमी. म्हणून सुतारमामांनी प्रार्थनेच्या दालनासाठी मला घडवलं. सकाळची प्रार्थना होईपर्यंत मी कोपऱ्यात अंग चोरून उभी असायचे. मग मुलं मला ओढायची, मी कुरकुरत पसरायचे आणि एका दालनाचे दोन वर्ग व्हायचे.

माझ्या एका बाजूला भाषेच्या बाई शिकवायच्या. आवाज असा खणखणीत, की मुलांनी त्यांचं नाव ‘तोफ’ ठेवलं होतं. दुसऱ्या बाजूला गणिताचे सर. ते इतकं हळू बोलायचे, की पहिल्या बाकावरही कान टवकारावे लागत. त्यांच्या वर्गाला पाढ्यांपेक्षा पलीकडच्या कविताच जास्त पाठ! सरांनी कधी तक्रार केली नाही. बाईंची कविता रंगात आली, की ते खडू खाली ठेवून मला टेकून ऐकत राहायचे. बाईंना याचा पत्ताही नव्हता.

एका वर्षी बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. बाई परत आल्या, आवाज मात्र आला नाही. नुसती कुजबुज उरली. वर्गात दंगा वाढला, पालक कुरकुरू लागले. आमचे मुख्याध्यापक धर्मगुरू होते. मनाने हळवे, पण पालकांना दुखवायला बिचकणारे. एकदा प्रार्थनेनंतर त्यांनी बाईंना थांबवून घेतलं आणि सत्र संपेपर्यंत राहा, पुढचं बघू, असं खाली मान घालून सांगितलं. बाई काय ते समजल्या. त्यांनी टेबलाचा खण आवरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या तासाला नुसता बाजार भरला होता. तेवढ्यात माझ्या बिजागऱ्या करकरल्या. सर एकटेच मला ढकलत होते. मी पार दुमडले आणि दोन्ही वर्ग एकमेकांकडे बघत राहिले.

सर म्हणाले, “इतकी वर्षं तुमच्या कविता भिंतीआडून ऐकल्या. आज समोर बसून ऐकू का?”

“आता आवाज कुठे राहिलाय, सर?”

“माझा तरी कुठे होता? पोरं ऐकतातच की.”

एवढं बोलून ते मुलांना सरकवून शेवटच्या बाकावर बसले. बाईंनी कुजबुजत कविता सुरू केली. सर पुढे वाकले, तशी मुलंही वाकली. दालन असं शांत झालं, की वरच्या पंख्याची घरघर ऐकू यावी. दारात आलेले मुख्याध्यापक कविता संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. बाईंना काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. निवृत्त होईपर्यंत त्या शिकवत राहिल्या, आणि त्यांच्या तासाला मला कुणी पसरलं नाही.

आता शाळेची नवी इमारत झाली आहे. प्रत्येक वर्गाला पक्क्या भिंती आहेत. मी मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी ऊन-पाऊस झेलत पडून आहे. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. कुणी माझ्यावरची साधी धूळही झटकत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा हात लावून बघा. माझं लाकूड अजून ठणठणीत आहे. बिजागऱ्या काढा, फळ्या तासा आणि माझे बाक करा. भिंत म्हणून पुष्कळ उभी राहिले. आता तुम्ही माझ्यावर दाटीवाटीने बसावं, एवढीच इच्छा आहे.