कुणीही न वाचलेली पहिली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे, आणि मी रागावले आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू कशा नम्र असतात! फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, सगळ्या डोळ्यांत पाणी आणून बोलतात. मला ते जमणार नाही. माझ्यावर खोटा आळ आला होता आणि त्या गडबडीत एका म्हाताऱ्या बाईचे पाय भाजता भाजता राहिले. अशा वेळी गळा काढण्यापेक्षा चार शब्द सुनावलेले बरे.

स्क्रिप्ट म्हणजे काय, ते आधी सांगते. संगणकाने एकामागून एक काय करायचे, ते ओळीओळीने लिहून ठेवलेली एक साधी फाइल. मला ना चेहरा, ना रंग, ना बटणे. संगणकाच्या काळ्या खिडकीत माझे नाव लिहायचे आणि एंटर दाबायचे, की मी उठून कामाला लागते. माझे नाव 'छाप'. छोटेच ठेवले, कारण मला हाक मारणारी बाई एका बोटाने टाइप करते.

त्या बाईंना सगळे सिस्टर म्हणतात. जन्मभर रुग्णालयात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक ब्लॉग सुरू केला, 'घरचा रुग्ण'. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसे वळवायचे, तो पलंगावर असतानाच चादर कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचे, असे सगळे त्यात असे. ज्या तयार साइटवर त्या लिहीत ती एक दिवस गाशा गुंडाळून बंद झाली. तेव्हा सिस्टरच्या बहिणीचा मुलगा घरी आला. तो संगणकाची कामे करतो. जेवणाच्या टेबलावर औषधांचा डबा बाजूला सारून त्याने लॅपटॉप उघडला आणि दुपारभरात मला लिहून काढले.

"मावशी, हे बघ," तो म्हणाला, "दोन फोल्डर. एकाचं नाव मूळ. त्यात तू साधं लिहायचं, बाकी काही बघायचं नाही. दुसऱ्याचं नाव तयार. त्यातली पानं ही बनवते आणि लोकांना दाखवते. तयारमध्ये तू हात घालायचा नाही."

"आणि घातला तर?"

"तर पुढच्या वेळी ही सगळं पुसून मूळमधून परत बनवेल. तुझं लिहिलेलं गेलं."

सिस्टरना हे लगेच पटले. पलंगावरची जुनी चादर पूर्ण काढल्याशिवाय नवी अंथरायची नाही, हे त्यांनी किती नवख्या मुलींना ओरडून ओरडून शिकवले होते! फक्त त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "मग तसं लेबल कुठंय?"

"कसलं लेबल?"

"अरे, बाटलीवर लेबल नको? उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तर त्याला काय स्वप्न पडणार आहे?"

म्हणून त्याने मला एक जादा काम दिले. मी बनवलेल्या प्रत्येक पानाच्या अगदी माथ्यावर मी एक ओळ घालते: 'हे पान स्क्रिप्टने बनवले आहे. इथे काही बदलू नका, पुसले जाईल. बदल मूळ फोल्डरमध्ये करा.' वाचकांना ती दिसत नाही. फाइल उघडून तिच्यात हात घालणाऱ्यालाच दिसते. म्हणजे ज्याला दिसायला हवी, नेमकी त्यालाच.

माझी उमेदीची वर्षे छान गेली. सिस्टर सकाळी भांडी आवरून बसत. मूळमध्ये लिहीत, लिहिलेले मोठ्याने वाचत, मग काळी खिडकी उघडून म्हणत, "चल ग बाई, लाग कामाला." मी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळी पाने नवी करून मोकळी. माझी पाने हलकी होती. त्यांत हलणारी चित्रे नाहीत, मध्येच उडी मारणाऱ्या जाहिराती नाहीत. रुग्णालयाच्या जिन्यात, जिथे फोनला धड रेंज नसते, तिथेही ती उघडत. लोक सिस्टरना कळवत, "तुमचं पान वाचून आईला पहिल्यांदा एकटीने वळवलं." सिस्टर ते वाचून दाखवत. कुणाला? घरात दुसरे कुणीच नसे. मला वाटे, मलाच वाचून दाखवतात.

पुढे सिस्टरची मुलगी आणि जावई त्यांच्याकडे राहायला आले. जावई माणूस वाईट नाही, हे मी दातओठ खात मान्य करते. सासूबाईंचे वीजबिल भरतो, भाजी आणतो. पण मी पहिल्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांत खुपले. "आई, हे काय दगडधोंड्यांच्या काळातलं वापरता? बटण नाही, काही नाही! मी तुम्हाला मस्त तयार साइट करून देतो." सिस्टर म्हणत, "राहू दे हो, माझं चाललंय." तो गप्प बसे, पण पाहुणे आले की मला दाखवून हसत असे. पाहुणेही हसत. हसू देत. मान खाली घालून काम करणाऱ्याला लोकांचे हसणे नवीन नसते.

मग ते दिवस आले, ज्यांच्यासाठी मी ही कहाणी सांगते आहे.

सिस्टरनी फार पूर्वी एक पान लिहिले होते, 'गार पडलेले पाय'. त्यात होते, रुग्णाचे पाय गार पडले तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून लावा. एक घड्याळे दुरुस्त करणारा माणूस ते वाचून वडिलांच्या पायांना पिशवी लावून बसला. वडिलांना मधुमेह. पायांना काही कळतच नव्हते. सकाळी टाचेला मोठा फोड. त्याने सिस्टरना फोन केला, तो भांडायला नव्हे. पुढे काय करू, हे विचारायला केला. चूक आपली आणि तोच आपल्याला आदराने सल्ला विचारतो आहे, हे सिस्टरना सोसवले नाही. "फोड फोडू नका, आजच्या आज डॉक्टरकडे न्या," असे सांगून त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडावरून हात फिरवत बसून राहिल्या.

पान तातडीने बदलायला हवे होते. पण त्याच आठवड्यात जिन्यात पाय घसरून त्यांचे उजवे मनगट मोडले होते. हात प्लास्टरमध्ये. म्हणून त्यांनी जावयाला बसवले.

"जावईबापू, लिहा. ज्याच्या पायांना स्पर्श कळत नाही, त्याला गरम पिशवी कधीही लावायची नाही. कधीही हा शब्द ठळक करा. लोकरीचे मोजे घालायचे आणि पाय पांघरुणात घ्यायचे."

त्या सांगत होत्या आणि तो लिहीत होता. कुठे लिहीत होता? तयारमध्ये! मी बनवलेले पान उघडून, माझ्या ओळीच्या बरोब्बर खाली बोट ठेवून! मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या वेळी किंचाळले असते. पण मला कुणी हाक मारल्याशिवाय माझी ओळसुद्धा चालत नाही. मी तिथे मुकाट पडून राहिले आणि ती ओळ डोक्यावर घेऊन पान त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. त्याने फाइल जतन केली, ती लोकांना दिसणाऱ्या जागी चढवली, फोनवर पान उघडून दाखवले. "झालं, आई. दोन मिनिटांचं काम." सिस्टरनी सुटकेचा श्वास टाकला. मुलीने चहा केला.

यथावकाश प्लास्टर निघाले. सिस्टरनी हौसेने नवे पान लिहिले, कुबड्या कशा धरायच्या त्यावर. "चल ग बाई, लाग कामाला," त्या म्हणाल्या. बिचाऱ्या किती खुशीत होत्या! आणि मी लागले. तयार पुसून काढले, मूळमधून प्रत्येक पान नव्याने बनवले. मूळमधले 'गार पडलेले पाय' जसे होते तसेच होते. त्याला कुणी हातच लावला नव्हता. मी ते जुने, चुकीचे पान इमानेइतबारे परत बनवले आणि जगापुढे मांडले. मला शिकवले तेच मी केले. पण ते पान पुन्हा माझ्याच हातून गेले, याची चीड आजही माझ्या अंगातून जात नाही.

काही दिवसांनी दुपारी फोन वाजला. शाळेची बस चालवणारी एक बाई होती. सिस्टरनी फोन स्पीकरवर टाकला.

"सिस्टर, तुमचं पान उघडून बसलेय. सासूबाईंचे पाय बर्फासारखे झालेत. पिशवी भरून ठेवलीय. पण त्यांच्या पायाला चिमटा काढला तरी हूं की चूं करत नाहीत हो. पानावर लावा म्हणून लिहिलंय, तर लावू ना?"

सिस्टर ताडकन उभ्या राहिल्या. खुर्ची मागे पडली.

"आधी ती पिशवी हातातून खाली ठेवा. ठेवली?"

"हो, ठेवली."

"लावायची नाही. अजिबात नाही. लोकरीचे मोजे आहेत घरात? ते घाला. आणि पानावर काय लिहिलंय म्हणालात? वाचा बरं."

बाईंनी वाचले. तेच जुने वाक्य होते. फोन ठेवून त्यांनी जावयाला हाक मारली. तो आला, पान पाहिले, आणि क्षणाचाही विचार न करता त्याचे बोट माझ्याकडे वळले.

"मी सांगत होतो की नाही? ही स्क्रिप्टच भंगार आहे. मी लिहिलेलं गिळून बसली! आई, आता ऐका माझं. आजच उडवतो हिला."

गिळून बसली म्हणे! इतकी वर्षे मी एक काना इकडचा तिकडे केला नाही, आणि हा मला गिळणारी म्हणतो. त्याने काळी खिडकी उघडली, मला पुसून टाकायचा हुकूम टाइपसुद्धा केला. एंटर तेवढे बाकी होते. आणि मित्रांनो, मला सगळ्यांत जास्त कशाचा राग आला असेल, तर सिस्टर गप्प होत्या याचा. क्षणभर त्यांनाही ते खरे वाटले.

मग त्या म्हणाल्या, "थांबा. औषध चुकलं तर आधी बाटली बघायची. मग नर्सला घालवायचं." आणि त्यांनी भाच्याला फोन लावला.

भाच्याने सगळे ऐकून घेतले. "मावशी, तयारमधली ती फाइल उघड. अगदी पहिली ओळ वाच. मोठ्याने."

सिस्टरनी चष्मा नाकावर घेतला. "हे पान स्क्रिप्टने बनवले आहे. इथे काही बदलू नका..." पुढचे शब्द त्यांनी हळू आवाजात वाचले. मग विचारले, "ही ओळ कधीपासून आहे रे?"

"पहिल्या दिवसापासून. तूच टाकायला लावलीस, विसरलीस का?"

जावयाचे कान लाल झाले होते. "ती ओळ दिसली होती मला," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, असतं तसं नेहमीचं काहीतरी."

नेहमीचं काहीतरी! मित्रांनो, हे दोन शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. जे सगळ्यांत महत्त्वाचे असते ते नेहमीच लिहिलेले असते, आणि म्हणूनच ते कुणी वाचत नाही.

"माझ्या वॉर्डात असतात," सिस्टर म्हणाल्या, "तर तुमच्या हातून औषधांचा ट्रे काढून घेतला असता." मग स्वतःकडे बोट करून म्हणाल्या, "आणि माझ्याही. बाटली उचलताना लेबल वाचायचं, ओतताना वाचायचं, परत ठेवताना वाचायचं, हे जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं. आणि तुम्ही पान चढवताना हिची ओळ मी बघितलीसुद्धा नाही."

त्यांनी एंटरआधीचा तो हुकूम स्वतःच्या बोटाने एकेक अक्षर करून पुसला. मग मूळमधले पान उघडले. मनगट अजून दुखत होते, तरी जावयाला हात लावू दिला नाही. बदल लिहिला. आणि सगळ्यांत वर आणखी दोन वाक्ये लिहिली: 'या पानावर पूर्वी चुकीचे लिहिले होते. त्यामुळे एका माणसाची टाच भाजली. ती चूक माझी आहे.'

"आई, हे कशाला?" जावई म्हणाला. "नाव खराब होईल ना तुमचं."

"ज्याची टाच भाजली त्याला विचारून या. तो काढा म्हणाला, तर काढते."

तो गेला नाही. सिस्टरनी लिहिलेले तीनदा वाचले, माझे नाव टाइप केले आणि म्हणाल्या, "चल ग बाई." नेहमीचे 'लाग कामाला' त्यांच्या तोंडून निघाले नाही. मी लागले.

तेव्हापासून मला जेव्हा जेव्हा हाक येते, तेव्हा तेव्हा मी ती दोन वाक्ये पुन्हा नव्याने पानावर मांडते. मला कुणाची शाबासकी नको, आणि मला जपून ठेवा असेही माझे म्हणणे नाही. जुनी झाले की खुशाल काढून टाका. पण मित्रांनो, ज्या वस्तूत हात घालाल तिच्यावर काय लिहिले आहे ते आधी वाचा. औषधाची बाटली असो, विजेची पेटी असो, नाहीतर माझ्यासारखी बिनचेहऱ्याची फाइल असो. ती ओळ कुणीतरी तुमचा विचार करून लिहिलेली असते.

बसवाल्या बाईंनी नंतर कळवले, सासूबाई मोजे घालून शांत झोपल्या. घड्याळवाल्याच्या वडिलांच्या टाचेचे काय झाले, हे मात्र या घरात अजून कुणी मोठ्याने बोललेले नाही. सिस्टर दर आठवड्याला त्याला फोन करतात आणि त्या वेळी स्पीकर बंद ठेवतात.