ओढून न पाहिलेली लाल टोपी

मित्रांनो, मी एक जुनी, बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची लाल टोपी आहे, पण मला डोक्यावर घालायला जाऊ नका. विजेच्या तारांची सोललेली टोकं एकत्र धरून त्यांवर मला पिळून बसवतात. माझ्या पोटात स्प्रिंग आहे, ती तारा आवळून धरते. एवढंच माझं काम, आणि तेही मला धड करू दिलं नाही, याचा अजून राग येतो.

अमेरिकेतल्या डुलुथ गावात ऑर्व्हिल लिंडाल नावाचे वायरमन होते. चाळीस वर्षं त्यांनी माझ्या भावंडांना घरोघरी बसवलं. टोपी पिळली की ते एकेक तार ओढून बघत. तार हलली, की पुन्हा पहिल्यापासून. मुलगी थिया वायरमन झाली, तिलाही त्यांनी हेच शिकवलं.

मी त्यांच्या खिशातून बाहेर आले ती थियाच्या नव्या स्वयंपाकघरात. तोवर त्यांच्या बोटांत संधिवात शिरला होता. कॉफीच्या यंत्रामागच्या, भिंतीतल्या प्लगपाशी त्यांनी मला तीन तारांवर अर्धवट पिळलं आणि ओढून न बघताच वरून काळी टेप गुंडाळली. मी सैल आहे, हे मी सांगणार कुणाला?

आठ महिने रोज सकाळी मी भाजत होते. कॉफी होता होता यंत्र बंद पडायचं. थियाने नवं यंत्र आणलं, तेही बंद पडायला लागलं. शेवटी एका रविवारी, ऑर्व्हिल पॅनकेक खायला आलेले असताना, तिने मेन स्विच बंद करून प्लग उघडला. टेपबरोबर मीही निघून आले, एका बाजूने काळी पडलेली.

"बाबा, ही टेप कशाला?"

"आधाराला."

"टोपी नीट बसली की आधार लागत नाही, हे तूच सांगायचास ना? भिंत पेटली असती."

"हल्लीच्या टोप्याच हलक्या येतात."

म्हणजे खापर माझ्यावर. संताप झाला माझा.

थियाने तारांची जळकी टोकं कापली आणि तारा जोडायची एक चिमुकली पारदर्शक डबी पुढे केली. "यात तार नुसती ढकलायची. पिळायचं कामच नाही."

"असली खेळणी मी वापरत नाही."

"मग ही घे नवी टोपी. पीळ."

त्यांनी पिळायला घेतलं. अर्ध्यावर बोटं थांबली. थिया खिडकीबाहेर बघत राहिली. त्यांनी टोपी खाली ठेवली, डबी उचलली, तिन्ही तारा सोलून आत ढकलल्या. मग त्यांनी तो जोड तिच्यापुढे धरला.

"माझ्या बोटांना आता कळत नाही. तू ओढून बघ."

दोन तारा टिकल्या, तिसरी सुटून हातात आली. टोक कमी सोललं होतं. त्यांनी पुन्हा सोललं, ढकललं आणि पुन्हा तिच्यापुढे धरलं. या वेळी तिन्ही टिकल्या.

मी आता थियाच्या पेटीत पडून असते. मित्रांनो, टोपी बरी की डबी, यावर खुशाल भांडा. पण जोड कसलाही असो, तो ओढून बघा, आणि आपला हात चालेनासा झाला तर टेप गुंडाळू नका, दुसऱ्याला सांगा. "बोटांना कळत नाही, तू ओढून बघ" हे ऑर्व्हिल थियाला आठ महिने आधी बोलले असते, तर मी आजही त्या भिंतीत कामावर असते.